पडद्यावरील जागेची वाटणी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, कळंबा, जि. कोल्हापूर)



मुलांच्या उपयोगी पडेल असा एखादा विषय मांडावा, अशी सूचना मला करण्यात आली. संगणक आणि मोबाईल यांचे फायदे-तोटे आपण पुष्कळ वेळा ऐकले आहेत. ते मी पुन्हा सांगत नाही. एका लहानशा प्रश्नाकडे मात्र तुमचे लक्ष वेधतो. पडद्यावर जी बटणे, लिहिण्याच्या चौकटी आणि अक्षरे दिसतात, त्यांना जागा कोण ठरवून देतो? विंडो मोठी केली की एखादी चौकट लांब होते, शेजारचे बटण मात्र आहे तेवढेच राहते. हे कोणत्या नियमाने घडते?

प्रश्न लहान वाटेल. पण त्याचे उत्तर समजण्यास सातवीपर्यंतचे गणित पुरते, आणि ते समजले म्हणजे मराठी व उर्दू वाचणाऱ्या आपल्या मुलांनी या कामात का शिरले पाहिजे, हेही आपोआप कळते.

छापखान्यातील जुनी रीत

ही विद्या संगणकाबरोबर जन्मली नाही. शिशाच्या खिळ्यांचे छापखाने ज्यांनी पाहिले असतील, त्यांना कंपोझिटरचे काम आठवेल. तो हातातील स्टिकमध्ये खिळे जुळवी. ओळीची रुंदी आधीच ठरलेली असे. शब्द बसवून झाले की उरलेली जागा तो शब्दांच्या मधल्या फटींत वाटून देई. त्यासाठी अक्षर नसलेले कोरे खिळे असत. दोन ओळींच्या मध्ये शिशाची पातळ पट्टी घालीत. पान लोखंडी चौकटीत ठेवून भोवती ठोकळे बसवीत आणि मग सारे आवळून टाकीत. कोरी जागा म्हणजे काही नसलेली जागा नव्हे. तीसुद्धा मोजून भरावी लागते, हे कंपोझिटरला पक्के ठाऊक होते.

उर्दूचे कातिब हेच काम वेगळ्या रीतीने करीत. पुठ्ठ्यावर समान अंतराने दोरे ताणून बसवलेले असत. त्यास मिस्तर म्हणत. त्यावर कागद ठेवून दाबला की दोऱ्यांच्या खुणा कागदावर उमटत आणि त्या खुणांच्या आधाराने ओळी लिहिल्या जात. अक्षरे लिहिण्यापूर्वी जागेची आखणी करावयाची, हाच येथेही नियम.

अमेरिकेतील गणितज्ञ व संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ नावाची पाने जुळविणारी प्रणाली तयार केली, तेव्हा याच जुन्या कल्पनेस त्यांनी गणिताचे रूप दिले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक अक्षर ही एक पेटी असते आणि पेट्यांच्या मध्ये ताणता किंवा आवळता येईल असा ‘डिंक’ असतो. डिंकाची नेहमीची रुंदी किती, तो किती ताणेल आणि किती आवळेल, हे तीन आकडे दिले की ओळ कशी भरावयाची हे यंत्र स्वतः ठरविते.

पडद्यावरील बटणांसाठीही पुढे हाच विचार आला. बर्कलीच्या विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी ‘टीके’ नावाचा साधनसंच तयार केला. त्याच विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ हा चित्रे सुधारण्याचा कार्यक्रम लिहिला आणि त्यासाठी स्वतःचा साधनसंच घडविला. तोच ‘जीटीके’. त्याची पहिली पक्की आवृत्ती १९९८ मध्ये आली. मित्रांनो, हे काम करणारे त्या वेळी विद्यार्थी होते, एवढे लक्षात ठेवा.

आधी विचारणे, मग देणे

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पडद्यावरील प्रत्येक वस्तूस, मग ते बटण असो, चौकट असो की नुसती पाटी, ‘विजेट’ म्हणतात. ही विजेट्स ज्यात ठेवतात त्यास ‘कंटेनर’ म्हणतात. आपण त्यास पेटी म्हणू. पेटी स्वतः डोळ्यांना दिसत नाही. तिचे काम जागेची वाटणी करण्याचे.

ही वाटणी दोन फेऱ्यांत होते. पहिली फेरी खालून वर जाते. पेटी आपल्या पोटातील प्रत्येक विजेटला विचारते, ‘बाबा, तुला कमीत कमी किती जागा लागेल? आणि ऐसपैस बसायचे तर किती?’ बटण आपल्या अंगावरील अक्षरे मोजून उत्तर देते. पेटी साऱ्यांची बेरीज करते आणि आपल्याहून मोठ्या पेटीस सांगते. असे करीत करीत मागणी विंडोपर्यंत पोहोचते. दुसरी फेरी वरून खाली येते. विंडो जेवढी मोठी असेल तेवढी जागा ती मोठ्या पेटीस देते, मोठी पेटी लहान पेट्यांना वाटते आणि शेवटी प्रत्येक विजेटला त्याचा वाटा मिळतो.

बेरीज कशी होते, तेही पाहा. आडव्या पेटीत विजेट्स शेजारी शेजारी बसतात. म्हणून तिची रुंदी म्हणजे सर्वांच्या रुंदीची बेरीज आणि मधल्या फटी. पण उंची म्हणजे त्यांतील सर्वांत उंच विजेटची उंची. उभ्या पेटीत याच्या नेमके उलट. एवढे दोन नियम समजले की निम्मे काम झाले.

फळ्यावरचे उदाहरण

एका आडव्या पेटीत तीन बटणे आहेत, असे समजा. ‘जतन करा’ ला ९० पिक्सेल लागतात, ‘रद्द करा’ ला ८० आणि ‘मदत’ ला ६०. पिक्सेल म्हणजे पडद्यावरील एक ठिपका. दोन बटणांमधील फट ६ पिक्सेल ठेवली आहे. बटणे तीन, म्हणून फटी दोन. एकूण मागणी झाली ९० + ८० + ६० + १२ = २४२. मधल्या बटणाच्या दोन्ही बाजूंना ५-५ पिक्सेलची जादा मोकळीक दिली असती, तर मागणी १० ने वाढून २५२ झाली असती. फट ही दोघांच्या मधली असते आणि मोकळीक एकाच्या दोन्ही अंगांची, हा फरक विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा.

मोकळीक बाजूला ठेवू. विंडोची रुंदी ३०२ आहे. म्हणजे ६० पिक्सेल शिल्लक उरले. आता ही शिल्लक कोणाची? येथेच पेटीची खरी परीक्षा असते, आणि उत्तरे अनेक आहेत.

पहिला प्रकार : कोणीच वाढू नये. मग तिन्ही बटणे सुरुवातीस एकत्र बसतात आणि शेवटी ६० पिक्सेल कोरे राहतात.

दुसरा प्रकार : तिघांनीही वाढावे. यास ‘एक्स्पांड’ म्हणतात. शिल्लक सारखी वाटली जाते, प्रत्येकास २०. वाटे झाले ११०, १०० आणि ८०. पण वाटा मिळणे वेगळे आणि तो अंगाने व्यापणे वेगळे. ‘फिल’ असे सांगितले असेल तर बटण स्वतः रुंद होऊन सगळा वाटा व्यापते. बटणाला मध्यावर राहा असे सांगितले असेल तर ते आहे तेवढेच राहते आणि दोन्ही बाजूंना १०-१० पिक्सेल मोकळे सोडते. नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ याच दोन शब्दांत होतो.

तिसरा प्रकार : फक्त एकाने वाढावे. शोधण्याच्या चौकटीशेजारी ‘शोधा’ हे बटण असते, तेथे चौकट वाढते आणि बटण तेवढेच राहते. हेच योग्य, कारण लिहिणाऱ्यास लांब चौकट हवी असते, लांब बटणाचा कोणास काय उपयोग?

चौथा प्रकार : सर्व समान. फटींचे १२ वजा करून उरलेल्या २९० चे तीन भाग करावयाचे. भाग बरोबर जात नाही आणि पिक्सेलचा तुकडा पाडता येत नाही. म्हणून ९७, ९७ आणि ९६ अशी वाटणी होते. या प्रकारात पेटीची कमीत कमी मागणीही वाढते. सर्वांत मोठे बटण ९० चे, म्हणून तिघांना ९०-९० धरून आणि फटी मिळवून २८२ लागतात. समानता हवी असेल तर जागाही जास्त लागते, हे येथे आकड्यांनीच दिसते.

आता अर्जाचा नमुना घेऊ. ‘नाव’, ‘वडिलांचे नाव’, ‘गाव’ अशा तीन पाट्या आणि प्रत्येकीपुढे एक चौकट. प्रत्येक ओळ वेगळ्या आडव्या पेटीत ठेवली, तर काय होईल? ‘नाव’ ही पाटी ३५ पिक्सेलची, ‘वडिलांचे नाव’ ९५ ची. फट ६ ची. मग पहिली चौकट ४१ व्या पिक्सेलपाशी सुरू होईल आणि दुसरी १०१ व्या पाशी. अर्ज वेडावाकडा दिसेल. कारण प्रत्येक पेटी आपल्यापुरतेच पाहते. शेजारच्या पेटीत काय चालले आहे हे तिला ठाऊक नसते. यावर उपाय म्हणजे ‘ग्रिड’, आपल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखी आडव्या-उभ्या रकान्यांची पेटी. तिच्यात रकान्याची रुंदी त्यातील सर्वांत रुंद विजेटवरून ठरते. मग तिन्ही चौकटी १०१ पासूनच सुरू होतात.

मराठी अक्षरांची मागणी

पालकहो, येथपर्यंत ही नुसती गंमत वाटली असेल. आता आपल्या कामाची गोष्ट सांगतो.

काही लोक पेटीच्या भानगडीत पडत नाहीत. ‘हे बटण डावीकडून १०० पिक्सेलवर, रुंदी ५०’ असे ठरावीक आकडे लिहून मोकळे होतात. इंग्रजी पडद्यावर ते नीटनेटके दिसते. पुढे कोणी तो पडदा मराठीत आणतो. ‘ओके’ च्या जागी ‘ठीक आहे’ येते, ‘सेव्ह’ च्या जागी ‘जतन करा’ येते. शब्द मोठा झाला, जागा मात्र ५० च राहिली. मग अर्धे अक्षर कापले जाते.

उंचीचीही तीच कथा. इंग्रजी मोठ्या अक्षरांना वर-खाली फारसे काही नसते. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार बसतात, तर पायाशी उकार आणि ऋकार. ‘राष्ट्र’ सारख्या शब्दात जोडाक्षर खाली उतरते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बांधली, तर डोक्यावरचा अनुस्वार तरी जातो किंवा पायाचा उकार तरी. अनुस्वार गेला तर अर्थच बदलतो, हे मराठीच्या शिक्षकाने वेगळे सांगावयास नको.

अक्षरे मोजून रुंदी काढता येत नाही, हीही एक अडचण आहे. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे साठविली जातात आणि पडद्यावर एकच ‘क्ष’ उमटतो. म्हणून आधी अक्षरांना खरे रूप द्यावयाचे आणि मगच मोजावयाचे. जीटीकेमध्ये हे काम ‘पँगो’ आणि ‘हार्फबझ’ हे दोन कार्यक्रम करतात. बटणाने पेटीस दिलेले उत्तर खरे ठरते ते या मोजणीमुळे.

लांब सूचनेचा प्रश्न याहून बिकट आहे. चार ओळींच्या मजकुरास ‘तुला किती उंची लागेल?’ असे विचारले, तर तो म्हणेल, ‘आधी मला रुंदी किती देणार ते सांगा.’ रुंदी कमी तर ओळी जास्त, रुंदी जास्त तर ओळी कमी. म्हणून आधी रुंदीची वाटणी करावयाची आणि त्या रुंदीला उंची किती लागेल ते नंतर विचारावयाचे, अशी पद्धत २०११ मध्ये आलेल्या जीटीकेच्या तिसऱ्या आवृत्तीत घालण्यात आली.

आपल्या राज्यात या विषयावर काम झालेले आहे. पुण्यास १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तिच्याकडून झाले. रेड हॅट कंपनीच्या ‘लोहित’ या मोफत फॉन्टमालेत देवनागरी आहे. गनोम आणि फायरफॉक्स यांसारख्या मुक्त कार्यक्रमांचे पडदे मराठीत आले आहेत. अँड्रॉइड मोबाईलच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून फोनची भाषा मराठी ठेवता येते. प्रत्येक वेळी कोणीतरी मराठी माणसाने पडद्यासमोर बसून ‘येथे अक्षर कापले जात आहे’ असे पाहिले, तेव्हाच तो पडदा सुधारला.

उजवीकडून डावीकडे

उर्दूचा प्रश्न आणखी वेगळा. ती उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. म्हणजे केवळ अक्षरेच नव्हेत, तर सारा पडदाच आरशात पाहिल्यासारखा उलटावा लागतो. पाटी उजवीकडे आणि चौकट डावीकडे. ज्याने ‘डावीकडून १००’ असे लिहून ठेवले, त्याचा पडदा उलटत नाही. म्हणून शहाणा मनुष्य ‘डावे’ व ‘उजवे’ असे म्हणतच नाही. तो ‘सुरुवात’ व ‘शेवट’ असे म्हणतो. मराठीत सुरुवात डावीकडे, उर्दूत उजवीकडे. जीटीकेच्या आडव्या पेटीस भाषेची दिशा सांगितली की ती आपल्या विजेट्सचा क्रम स्वतःच फिरविते. वेबपानांची मांडणी करणाऱ्या सीएसएसमध्येही आता ‘सुरुवात-शेवट’ या भाषेत समास देता येतो.

मात्र सर्वच गोष्टी उलटावयाच्या नसतात. उर्दूतही आकडे डावीकडूनच वाचतात. फोन नंबर उलटला तर तो दुसऱ्याच कोणाकडे लागेल. शिवाय नस्तालीक लिपीत शब्द वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरत जातो. जितकी अक्षरे जोडली जातील, तितकी उंची वाढते. येथे उंची किती लागेल हे विजेटलाच विचारावे लागते. बाहेरून ठरवून चालत नाही. जीटीकेच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही ठरावीक जागांच्या पेटीविषयी इशारा दिलेला आहे : फॉन्ट बदलला, भाषांतर झाले किंवा दिशा उलटली, की अशी मांडणी मोडते. ही तिन्ही संकटे मराठी-उर्दूच्या वाट्यास रोज येतात.

हे आपल्या दारापर्यंत कसे येते?

गेल्या काही वर्षांत अनेक पालकांना ऑनलाइन अर्ज भरण्यास मी मदत केली आहे. एका अर्जात नावाची चौकट इतकी तोकडी होती की मुलाचे, वडिलांचे नाव आणि आडनाव मिळून निम्मेच दिसे. बाकीचे अक्षर चौकटीच्या आत सरकून लपे. जे दिसत नाही ते तपासता येत नाही. आडनावातील एक अक्षर चुकले, ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि अर्जावरील नाव जुळेना. त्या वडिलांना दोन दिवसांची मजुरी बुडवून खेटे घालावे लागले. दोष मुलाचाही नव्हता आणि वडिलांचाही नव्हता. चौकट वाढू शकेल अशी ठेवली असती आणि विंडोतील शिल्लक जागा तिला दिली असती, तर ते अक्षर तेथेच दिसले असते.

असा पडदा बनविणाऱ्याचा हेतू वाईट असतो, असे मी म्हणत नाही. त्याच्यासमोर लहान नावे होती, त्याने लहान चौकट केली. लांब नावे, जोडाक्षरे आणि उलटी दिशा ज्यांच्या घरात आहेत, ती माणसे त्या कामावर नव्हती. ती असली पाहिजेत. पडदे वापरावयास आपली मुले शिकली. आता ते बनविण्यासही शिकली पाहिजेत.

सुरुवात कोठून करावी?

विद्यार्थी मित्रांनो, त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. चौकटींच्या वहीचे एक पान घ्या. एक चौकट म्हणजे दहा पिक्सेल धरा. आपल्या शाळेच्या प्रवेशअर्जाचा पडदा काढा. कोणती पेटी आडवी, कोणती उभी, ग्रिड कोठे, शिल्लक कोणास द्यावयाची, हे पेन्सिलीने लिहा. मग पान दुप्पट रुंद झाले आहे असे समजून पुन्हा काढा. जी चौकट वाढावयास हवी ती वाढली का? जे बटण वाढू नये ते वाढले का?

त्यानंतर शाळेतील संगणकावर ‘पायथन’ ही भाषा घ्या. ती मोफत मिळते आणि विंडोजवर तिच्याबरोबर ‘टीके-इंटर’ हा संचही बहुधा आपोआप येतो. त्यात मांडणीच्या ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ अशा दोन मुख्य रीती आहेत. आज सांगितलेले एक्स्पांड, फिल आणि मोकळीक हे शब्द तेथे जसेच्या तसे भेटतील. एक सावधगिरी बाळगा : एकाच पेटीत पॅक आणि ग्रिड या दोन्ही रीती मिसळू नका. प्रत्येक पेटीस एकच वाटणीदार असावा.

पडदा तयार झाला की तीन कसोट्या लावा. वर्गातील सर्वांत लांब नाव त्यात लिहून पाहा. अक्षरांचा आकार दीडपट करून पाहा. घरातील वडीलधाऱ्यांना मोठे अक्षर लागते. आणि एकदा सर्व पाट्या मराठीत व एकदा उर्दूत लिहून पाहा. तिन्ही वेळा एकही अक्षर कापले गेले नाही, तर तुमची मांडणी पास.

पालकांना एवढीच विनंती, की मूल संगणकासमोर बसलेले दिसले तर ‘काय पाहतोस?’ या प्रश्नाबरोबर ‘काय बनवतोस?’ असेही विचारा. उत्तर आले नाही, तर आमच्याकडे पाठवा. चौकटींची वही आणि पेन्सिल एवढेच बरोबर द्या.

चांगली पेटी आधी प्रत्येकाची गरज विचारते, तेवढी जागा राखून ठेवते आणि मग शिल्लक वाटते. हे करण्यासाठी गरज सांगणारा कोणीतरी तेथे हजर असावा लागतो. आपल्या भाषांच्या आणि आपल्या नावांच्या वतीने ती सांगणारी मुले या सभागृहात बसलेली आहेत, असा मला विश्वास वाटतो.